माल नाही तर पैसे कशाचे कापले?

प्रश्न : गौरी-गणपतीसाठी पितळी समयांची जोडी एका वेबसाइटवरून मागवली होती. २,३४० रुपये यूपीआयने तिथल्या तिथे खात्यातून गेले. 'फक्त ३ शिल्लक' असं लाल अक्षरात दिसत होतं म्हणून घाई केली. गणपती आले, गौरी जेवल्या, विसर्जन झालं तरी समया आपल्या 'प्रोसेसिंग'मध्येच. मग मेसेज आला, आयटम आउट ऑफ स्टॉक आहे, पैसे आमच्या वॉलेटमध्ये जमा केलेत, सहा महिन्यांत वापरा. मला त्यांच्याकडून आता काहीच नकोय. माल नव्हताच तर पैसे घेतले कसे?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, आधी कामाचं सांगते, राग मग काढू. वॉलेटमधल्या पैशांना हात लावू नका, त्यातले पन्नास रुपये जरी खर्च केलेत तरी ते म्हणणार बघा, मान्य होतं तुम्हाला. आजच ईमेल टाका, चॅटवर नको, चॅट नंतर सापडत नाही. ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम आणि एवढंच लिहा की ऑर्डर तुम्ही रद्द केलीत, मी नाही, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या दुकानांना तक्रार अधिकारी नेमावाच लागतो आणि त्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची. नाही झालं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवा. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही.

आता 'घेतले कसे' याचं. मी काही वर्षं एका ऑनलाइन दुकानाच्या अकाउंट्समध्ये होते म्हणून आतलं थोडं माहितीये. गोडाउनमध्ये मुलगा स्कॅनर घेऊन रॅकपाशी जातो, खोका उघडतो तर आत नुसता थर्माकोल, तो 'नॉट फाउंड' दाबतो आणि पुढच्या ऑर्डरला लागतो. पण तोच माल त्यांच्या साइटवर, शिवाय आणखी दोन मोठ्या साइट्सवर लावलेला असतो आणि सगळीकडचे आकडे एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. म्हणजे तुमच्या स्क्रीनवरचे '३ शिल्लक' कधीकधी सकाळचे असतात, कधी परवाचे, आणि कधी (हे मी बोलले असं सांगू नका) निव्वळ घाई करायला लावायला लिहिलेले.

हे होणारच, मोजणीत चूक कोणाचीही होते. माझं म्हणणं इतकंच की चूक दुकानाची तर पैसे कस्टमरचे का अडकावेत? रॅकवरून वस्तू हातात आली, पॅक झाली की मग कापा ना. कार्डावर ही सोय कधीपासूनची आहे, ऑर्डर देताना रक्कम फक्त अडवून ठेवायची आणि माल निघाला की उचलायची. आयपीओला, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीला, अर्ज करणाऱ्यांना हे नवीन नाही, पैसे आपल्याच खात्यात ब्लॉक होतात आणि शेअर लागले तरच जातात. यूपीआयवरही असे पैसे ब्लॉक करता येतात, रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये एकदा ब्लॉक करून लागेल तसे कापायची सोय जाहीर केली तेव्हा त्यात ई-कॉमर्सचं नावही घेतलं होतं.

मग दुकानं का करत नाहीत? एक कारण खरंच अडचणीचं आहे, अडवलेली रक्कम काही दिवसांनी आपोआप सुटते आणि माल निघेपर्यंत खात्यात पैसे उरले नसले तर फटका दुकानदाराला बसतो. दुसरं कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. तुमच्यासारख्या हजार जणींचे २,३४० म्हणजे २३ लाख ४० हजार, तेही पंधरा दिवस, बिनव्याजी. आणि परत देताना वॉलेटमध्ये दिले की ते त्यांच्याकडेच राहिले.

आपल्या नियमांत पैसे नेमके कधी कापायचे ते सरळ लिहिलेलं नाही. अमेरिकेत निदान सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत माल पाठवायचा, जमत नसेल तर ग्राहकाला विचारायचं, नाहीतर पैसे परत, असा नियम टपालाने खरेदी व्हायची तेव्हापासून, म्हणजे १९७५ पासून आहे.

प्रश्न : आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. गेल्या वर्षीपासून वेबसाइटवर बुकिंग घेतो. फेब्रुवारीत पूर्ण पैसे घेतले आणि मोहोर तुडतुड्याने आणि अवकाळीने गेला, चाळीस पेट्या देता आल्या नाहीत. लोक चिडले. आम्ही पैसे आधी घ्यायचेच नाहीत का?
– एक बागायतदार, सिंधुदुर्ग

उत्तर : दादा, तुमचं प्रकरण वेगळं. समयांच्या दुकानाने 'आहे' म्हणून विकलं आणि नव्हतं. तुम्ही जे विकता ते अजून झाडावर मोहोराच्या रूपात आहे आणि गिऱ्हाइकालाही ते कळतं, फक्त ते पैसे भरायच्या बटणाच्या आधी मोठ्या अक्षरात लिहिलेलं पाहिजे, खाली अटींच्या जंगलात नाही. पूर्ण रक्कम घेऊ नका, विसार घ्या. पेटीमागे दोनशे-तीनशे पुरे, बाकीचे आंबा आढीतून काढून पेटी भरलीत की मागा, सोबत पेटीचा फोटो पाठवा, लोक पाच मिनिटांत भरतात. यात तुमचाही फायदा आहे, रिफंड करताना पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणारी कंपनी, आपलं कमिशन सहसा परत देत नाही, गेल्या वर्षी चाळीस पूर्ण पेट्यांवरचं ते कमिशन तुमच्याच खिशातून गेलं असणार.

पीक गेलं तर विसारासकट परत, न मागता. हापूसऐवजी पायरी किंवा मोठ्या फळाऐवजी लहान फळ पाठवायचं तर आधी फोन करा, 'चालेल ना' हे पेटी पोचल्यावर विचारायचं नसतं. आणि गिऱ्हाइकाने रद्द केलं तर विसार ठेवून घेऊ असं लिहिलं असेल तर जरा थांबा, नियम असा आहे की तुम्ही स्वतः रद्द केल्यावर तेवढाच भुर्दंड सोसणार असाल तरच त्याच्याकडून घेता येतो. आपण शेतकरी, आपल्याला कसले नियम, असं म्हणू नका, दर हंगामाला नेमाने धंदा करता म्हणजे लागू आहेत.

एक अजून, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी आणि वेबसाइटवरच्या ऑर्डरी एकाच वहीत उतरवा. चाळीस पेट्यांतल्या किती तुडतुड्याने खाल्ल्या आणि किती दोनदा विकल्या गेल्या ते एकदा बघाच.

प्रश्न : दुकान म्हणतं रिफंड केला, बँक म्हणते आला नाही. रोज १०० रुपये दंड मिळतो म्हणे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तो दंड व्यवहार फसला, म्हणजे पैसे कापले गेले पण दुकानाला पोचलेच नाहीत, अशा वेळचा. रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक आहे, पाच दिवसांत पैसे उलटले नाहीत तर त्यापुढे रोजचे १००. तुमचा व्यवहार झाला होता, नंतर ऑर्डर रद्द झाली, त्याला ते लागत नाही. दुकानाकडून 'केला' हे तोंडी ऐकून घेऊ नका, रिफंडचा नंबर मागा, यूपीआयला बारा आकडी आरआरएन, कार्डाला एआरएन. नंबर दिला तर बँकेत जाऊन तो दाखवा, तो घातला की त्यांना माग काढता येतो. नंबर द्यायला टाळाटाळ करत असतील तर बहुतेक रिफंड केलेलाच नाही.