पप्पा, पापा आणि मधली शांतता

प्रश्न : आम्ही इटलीत पादोव्हाला राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. देत्तातोत, म्हणजे श्रुतलेखनात, तो ल्ल, प्प अशी जोड व्यंजनं हमखास गाळतो. शाळेतून कान तपासायला सांगितलं. तपासले, कान उत्तम आहेत. आता ओळखीचे लोक म्हणतात, घरी मराठी बंद करा, इटालियनच बोला. ताई, काय करू?
— एक आई

उत्तर : मराठी मुळीच बंद करू नका. हे आधी सांगते, कारण याच सल्ल्यापायी घरात गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत. गेली बारा वर्षं मी तोरिनोत परदेशातून आलेल्या मुलांना इटालियन शिकवते.

कान तपासलेत ते योग्यच केलंत. मुलाला ऐकू येतंय. पण नेमकं काय ऐकायचं, ते त्याला कुणी दाखवलेलं नाही. इटालियनमध्ये ‘पाला’ म्हणजे फावडं आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. फरक आहे तो फक्त ल किती वेळ धरला याचा. हा फरक तुमच्या मुलाला जन्मापासून येतो! ‘आईने वही दिली’ आणि ‘आई दिल्लीला गेली’ यांत तो कधी गोंधळलाय का? उद्या त्याला दिली-दिल्ली, मका-मक्का म्हणायला लावा आणि मग पाला-पाल्ला. शिवाय तुमचं पादोव्हा वेनेतो प्रांतात आहे. तिथल्या घरगुती बोलीत ही दुहेरी व्यंजनं जवळपास नाहीतच, त्यामुळे तिथली स्थानिक मुलंही हीच चूक करतात.

वर्गात पुष्कळदा जोडाक्षरावर टाळी वाजवायला सांगतात. मला ते पटत नाही. ‘पाल्ला’ म्हणताना गळ्याला हात लावला तर ल भर कंप लागतो. ‘पाप्पा’ म्हणताना मात्र ओठ मिटतात आणि क्षणभर काहीच ऐकू येत नाही. दुहेरी प म्हणजे ती लांबलेली शांतता. टाळीच्या आवाजात नेमकी तीच बुजते.

त्यापेक्षा एका वाडग्यावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक घट्ट ताणून बसवा, वर तांदळाचे चार दाणे ठेवा. जवळ तोंड नेऊन मुलाला मोठ्याने, ताणून बोलू दे : पाल्ल्ल्ला. दाणे थरथरतील. मग पाप्प्प्पा. मधे दाणे थांबतील. शांतता डोळ्यांना दिसते, आणि मुलं ते विसरत नाहीत. कानातही असंच घडतं हे तेव्हाच सांगा. आपण कानाचा ‘पडदा’ म्हणतो. इटालियनमध्ये त्याला ‘तिंपानो’ म्हणतात, आणि वाद्यवृंदातल्या मोठ्या नगाऱ्यालाही हाच शब्द आहे. माझ्या वर्गातली मुलं हे कळल्यावर दिवसभर कान धरून हिंडतात.

दुसरा खेळ मारिया माँटेसरींचा. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. तिथे मुलं अगदी निश्चल बसत, आणि बाई शेजारच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजत. नाव ऐकू आलं की पाय न वाजवता उठून जायचं. मी त्यात थोडा बदल केलाय. खेळण्यातलं फावडं आणि चेंडू समोर ठेवायचे, दाराआडून कुजबुजायचं, मुलाने योग्य वस्तू उचलून आणायची. मग त्याने कुजबुजायचं आणि तुम्ही आणायची. आपण चुकलो की मुलांना फार आनंद होतो, तेव्हा चुका. रोज पाच मिनिटं पुरेत. लिहिणं दोन आठवड्यांनी सुरू करा.

आणखी एक. तुमचा मुलगा शाळेच्या दारात वडिलांना ‘पप्पा’ अशी हाक मारत असेल तर मुलं हसत असतील. इटालियनमध्ये ‘पाप्पा’ म्हणजे बाळाची पेज. ‘पापा’ म्हटलं आणि पहिल्या पा वर जोर दिला, तर पोप. दुसऱ्यावर दिला, तर बाबा. हाक बदलायला लावू नका. हे तिन्ही शब्द त्याला नीट शिकवा आणि हसणाऱ्यांना त्यालाच समजावून सांगू दे.