समुद्रात देशाची हद्द कुठं संपते?

बोटी पकडल्याच्या, युद्धनौका 'हद्दीत घुसल्या'च्या बातम्या आल्या की या विषयावर प्रश्न येतातच. त्यांतले काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कधी १२ मैलांची सागरी हद्द म्हणतात, कधी २०० मैलांची. खरी कोणती?

उत्तर : दोन्ही खऱ्या, पण दोन्हींत देशाला मिळणारे हक्क अगदी वेगळे आहेत. बातमीत नुसतं 'हद्द' म्हटलं की हा फरक पुसला जातो आणि गोंधळ होतो.

आधी मैलाचं माप पाहू. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. म्हणजे १२ मैल साधारण २२ किलोमीटर आणि २०० मैल ३७० किलोमीटर. हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारातले आहेत. तो १९९४ मध्ये लागू झाला. अमेरिका त्यात सामील नाही, पण त्यातले बहुतेक नियम रूढ कायदा म्हणून तीही पाळते.

पहिले १२ मैल म्हणजे प्रादेशिक समुद्र. इथं पाणी, तळ आणि वरचं आकाश या सगळ्यावर त्या देशाची सत्ता चालते. तरीही परक्या जहाजाला न थांबता, सरळ निघून जाण्याचा हक्क असतो. वाटेत मासे धरले, शस्त्रांचा सराव केला, हेरगिरी किंवा पाहणी केली, तर तो हक्क गेला. पाणबुडीनं वर येऊन, झेंडा दाखवत जायचं. विमानांना मात्र ही सवलत नाही. त्यांना परवानगी लागतेच.

पुढं २४ मैलांपर्यंतच्या पट्ट्यात जकात, कर, परदेशी नागरिकांचा प्रवेश आणि आरोग्य या चार बाबतींतले कायदे मोडणाऱ्याला अडवता येतं, शिक्षा करता येते. तस्कराचा पाठलाग १२ मैलांवर येऊन निरुपयोगी ठरू नये, म्हणून ही सोय.

२०० मैलांपर्यंतचं ते विशेष आर्थिक क्षेत्र. मासे, तळाखालचं तेल-वायू, वारा आणि लाटांपासूनची वीज यांवर हक्क किनाऱ्यावरच्या देशाचा. पाणी मात्र त्याच्या मालकीचं नाही. कुठल्याही देशाची जहाजं, विमानं तिथून जाऊ शकतात, केबल टाकू शकतात. दुसऱ्याच्या आर्थिक क्षेत्रात लष्करी कवायती करता येतात का, यावर देशांचं आजही एकमत नाही. त्यामुळे एखादी युद्धनौका 'हद्दीत' आली असं वाचलंत, तर ती किनाऱ्यापासून किती मैलांवर होती हे आधी शोधा. १५० मैलांवर असेल, तर तिचं नुसतं तिथं असणं बेकायदा नाही.

प्रश्न : हे मैल मोजायचे कुठून? किनारा तर भरती-ओहोटीनं हलतो.

उत्तर : पूर्ण ओहोटीला पाणी जिथवर मागं जातं, ती रेषा धरतात. देशानं अधिकृत मानलेल्या मोठ्या प्रमाणाच्या सागरी नकाशावर ती दाखवलेली असते. हिला आधाररेषा म्हणतात. सगळे पट्टे इथूनच मोजले जातात, म्हणून बरीचशी भांडणंही इथंच सुरू होतात.

किनारा फार दंतुर असेल किंवा समोर बेटांची रांग असेल, तर टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषा ओढायची मुभा आहे. मेख इथं आहे. रेषेच्या आतलं पाणी 'अंतर्गत' ठरतं, आणि अंतर्गत पाण्यात परक्या जहाजाला निघून जाण्याचा हक्क सहसा नसतो; सरळ रेषेमुळे नव्यानं आत आलेल्या पाण्यात मात्र तो कायम राहतो. शिवाय रेषा बाहेर सरकली की मागोमाग १२, २४ आणि २०० मैलांचे पट्टेही बाहेर सरकतात. ही मुभा अपवादासाठी होती; तिचा सैल वापर करणारे देश शेजाऱ्यांच्या आणि दर्यावर्दींच्या वाट्याचं पाणी कमी करतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : एवढ्याशा खडकासाठी देश का भांडतात?

उत्तर : आकडेमोड करून पाहा. भर समुद्रात, आसपास दुसरी जमीन नाही अशा ठिकाणी एक टिकली एवढं बेट आहे. त्याला २०० मैलांचं क्षेत्र मिळालं, तर त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं सुमारे ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर. तेच 'बेट' न ठरता 'खडक' ठरलं, तर त्याला फक्त १२ मैल, म्हणजे साधारण १,५५० चौरस किलोमीटर. फरक पावणेतीनशे पटींहून जास्त!

हा निवाडा कराराच्या १२१ व्या कलमातल्या एका वाक्यावर होतो. ज्या खडकावर माणसाची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन टिकू शकत नाही, त्याला आर्थिक क्षेत्र नाही. भरतीत बुडणाऱ्या उंचवट्याला तर, तो मुख्य भूमीपासून किंवा बेटापासून १२ मैलांच्या आत नसेल, तर काहीच नाही. भराव टाकून केलेल्या कृत्रिम बेटाभोवती फक्त ५०० मीटरचं सुरक्षाक्षेत्र मिळतं.

ब्रिटननं १९९७ मध्ये करारात सामील होताना रॉकऑल या अटलांटिकमधल्या सुळक्यावरून मोजलेलं मासेमारी क्षेत्र सोडून दिलं. दक्षिण चीन समुद्राबद्दल फिलिपिन्सच्या अर्जावर २०१६ मध्ये लवादानं स्प्रॅटली समूहातल्या एकाही भूभागाला आर्थिक क्षेत्र मिळत नाही असं ठरवलं. भराव टाकून तिथं धावपट्टी बांधली तरी उत्तर बदलत नाही, कारण मूळ नैसर्गिक रूपच पाहिलं जातं. चीननं हा निवाडा मानलेला नाही, आणि लवादाकडे तो अमलात आणायला पोलीस नाहीत.

प्रश्न : दोन देश समोरासमोर, मध्ये ४०० मैलही नाहीत. मग?

उत्तर : आपसांत करार करायचा. न जमल्यास न्यायालय. तिथली रीत अशी: आधी दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतरावरची तात्पुरती रेषा, मग एखाद्या बेटामुळे ती अन्यायानं वाकते आहे का हे पाहून दुरुस्ती, शेवटी किनाऱ्यांची लांबी आणि वाट्याला आलेलं पाणी यांत ढोबळ विसंगती नाही ना, याची तपासणी. रुमानिया आणि युक्रेनच्या खटल्यात २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं काळ्या समुद्रातल्या स्नेक बेटाभोवती १२ मैलांचा कमानीसारखा पट्टा दिला, त्यापलीकडं रेषेवर त्याचा परिणाम होऊ दिला नाही.

प्रश्न : समुद्र वर चढून किनारा मागं हटला, तर हद्दही मागं येईल का?

उत्तर : १९८२ च्या सागरी कायदा करारात याचं थेट उत्तर नाही. त्या वेळी कुणी हा प्रश्नच धरला नव्हता. पॅसिफिकमधल्या सखल बेटांसाठी मात्र हा जगण्याचा प्रश्न आहे. २०२१ मध्ये तिथल्या देशांच्या मंचानं जाहीर केलं, की करारानुसार एकदा आखून संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे कळवलेले पट्टे समुद्र चढला तरी कमी होणार नाहीत. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही सल्लागार मतात म्हटलं, की रीतसर ठरलेले नकाशे आणि अक्षांश-रेखांश समुद्रपातळी वाढली म्हणून बदलण्याचं बंधन कराराप्रमाणे नाही. हे मत बंधनकारक नाही, पण वजनदार आहे. तेव्हा ज्या देशांनी आपल्या हद्दीचे अक्षांश-रेखांशाचे बिंदू अजून कळवलेले नाहीत, त्यांनी ते लवकर मोजून कळवणं हेच शहाणपणाचं.