मोटेलची जुनी पोस्टकार्डं: साडेसहा हजार डॉलर घालू का?

नमस्कार, तुमचा मेल वाचला. इतर वाचकांसाठी थोडक्यात: तुम्ही ओहायोत, एच-1बी वर (म्हणजे नोकरीला बांधलेल्या अमेरिकन वर्क व्हिसावर), घरात एकटेच कमावते, खर्च महिन्याला 4,800 डॉलर, इमर्जन्सी फंड 15 हजार, आणि एक रिटायर्ड डीलर 1940-60 च्या काळातली 1,100 मोटेल पोस्टकार्डं एकगठ्ठा 6,500 ला देतोय. बायको म्हणते वेड लागलंय, तुम्ही म्हणता इन्व्हेस्टमेंट आहे.

वेड वगैरे नाही म्हणणार मी, हौसेला मोल नसतं, पण इन्व्हेस्टमेंट तर नाहीच नाही, त्या बाबतीत वहिनींचंच बरोबर आहे. 6,500 गेले की उरतात 8,500, म्हणजे धड दोन महिनेसुद्धा नाहीत. एच-1बी वर नोकरी गेली की नवीन शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, त्या वेळी घरभाडं द्यायचं का पोस्टकार्डं विकायला बसायचं?

आता कार्डांकडे बघू. ही कार्डं मोटेलवाले खोलीत फुकट ठेवायचे, पाहुण्याने घरी पाठवलं की आपोआप जाहिरात, त्यामुळे ढिगाने छापली गेली, आणि चकचकीत क्रोम कार्डं तर अजूनही खोकी भरभरून मिळतात. तुमच्या गठ्ठ्यात बहुतेक तीच असणार. हिशोबाने कार्ड पडतंय जवळपास 6 डॉलरला, आणि सुटं विकायचं तर स्कॅन, लिस्टिंग, पाकीट, पोस्ट धरून एकाला 15 मिनिटं पकडली तरी 1,100 कार्डांचे 275 तास झाले, त्यात ईबेची फी वेगळीच. भाव बघताना लोकांनी मागितलेली किंमत बघू नका हं, "सोल्ड" फिल्टर लावून प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा, तिथेच निम्मी हवा निघून जाते.

टॅक्सचंही ऐका. वर्षभराहून जास्त ठेवून नफ्यात विकलं तरी कलेक्टिबल्सना शेअर्ससारखा 15-20 टक्क्यांचा दर नाही, 28 टक्क्यांपर्यंत जातो, आणि हौसेच्या वस्तूत तोटा झाला तर तो वजा करून मिळत नाही.

मग करायचं काय? महिन्याला 60 डॉलर हौसेचे म्हणून बाजूला काढा, फंडाला हात न लावता, आणि एकच विषय धरा. तुम्हाला रूट 66 (शिकागो ते लॉस एंजेलिसचा जुना हायवे) आवडतो ना, मग फक्त न्यू मेक्सिको घ्या, तिथल्या टुकुमकारी गावचं ब्लू स्वॅलो मोटेल तर 1939 पासूनचं, अजून चालू आहे. कापडासारखा खरखरीत पोत असलेली लिनन कार्डं आधी बघा. शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीच्या कार्डावर बारीक नंबर असतो, 7बी असेल तर 1947, 2सी असेल तर 1952, त्यावरून कार्ड साधारण कधीचं ते कळतं.

त्या डीलरला सरळ विचारा, न्यू मेक्सिकोची तेवढी वेगळी देणार का, 200 पर्यंत जमलं तर तीन-चार महिन्यांची हौस एकदम झाली समजा आणि पुढचे तीन-चार महिने हात आवरा. नाही म्हणाला तर सोडून द्या, असे गठ्ठे परत येतात. आणि घेतलेली कार्डं बेसमेंटमध्ये नको, दमट असतं, पीव्हीसीच्या प्लास्टिकमध्ये तर अजिबात नको, पॉलिएस्टरची पाकिटं मिळतात ती घ्या.