डाव्या चाकात हवा कमी का?

प्रश्न : अमेरिकेतल्या पिकअप शर्यतीत डाव्या चाकांत हवा कमी ठेवतात, असं मोबाईलवर पाहिलं. आमच्या पिकअपमधून कापूस जिनिंगला जातो. तिलाही तसं करावं का?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : अजिबात करू नका. नॅस्कार ट्रक मालिका म्हणजे अमेरिकेतल्या पिकअप शर्यतींची मालिका. १९९५ साली सुरू झालेल्या या मालिकेचा हंगाम फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या डेटोनाला सुरू होतो आणि बहुतेक शर्यती अंडाकृती ट्रॅकवर होतात. तिथं वळण फक्त डावं. वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून त्यांत हवा जास्त. शिवाय उजव्या मागच्या टायरचा घेर डाव्यापेक्षा थोडा मोठा घेतात. निमुळता पेला जमिनीवर लोळवून बघा, तो अरुंद बाजूकडेच वळतो. त्या गाडीचंही तसंच.

तुम्हाला जिनिंगपर्यंत सरळ जायचं आहे. एका बाजूला हवा कमी असली की गाडी तिकडं ओढते, त्या टायरच्या कडा झिजतात. भरल्या गाडीत टायरची भिंत वाकून वाकून तापते. उन्हाळ्यात फुटायची भीती खरीच.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, थंड टायरमध्ये तपासा. गाडीवर चिकटवलेल्या कंपनीच्या पट्टीवर भरल्या गाडीसाठी दिलेला आकडा पाळा. मागचा बहुधा पुढच्याहून जास्त असतो. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना सारखीच हवा. वाटेत टायर तापून आकडा चढलेला दिसला, तरी हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडते. आणि व्हॉल्व्हची टोपी लावा. पांदण रस्त्याची धूळ आत बसली की हवा हळूहळू निघत राहते.