त्या कागदावर सही करू नकोस

प्रिय बाय,

काल फोनवर तू रडली नाहीस, तेच मला जास्त लागलं. "काका, कारखान्यातली आमची लाइन व्हिएतनामला चालली. शनिवारपर्यंत राजीनामा दिला तर तीन महिन्यांचा पगार, नाही तर काही नाही," असं दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलंस. मग हळूच म्हणालीस, "बाकीच्या अकरा जणींना मीच समजवायचं, असं एचआरवाले म्हणतात."

सही करू नकोस. उरलेलं त्यानंतर.

त्या कागदावर 'स्वेच्छेने' हा शब्द असणार. असतोच. वेर्ण्याची लाइन तू हलवलीस का? काम उरलं नाही म्हणून माणूस कमी केला तर ती कामगार कपात. तशी कपात केली तर मालकाला कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तुझी सहा वर्षं भरली, म्हणजे तीन महिने आणि नोटिशीचा चौथा. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी याहून वेगळी. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून ती साडेतीन महिन्यांच्या आसपास जाते, आणि ती तर राजीनामा दिला तरी चुकत नाही. मग ते देतायत त्या तीन महिन्यांत ग्रॅच्युइटी धरलीय का? विचारलंस? नसशील. मीही विचारलं नव्हतं.

२००९ साली थिवीच्या एका कारखान्यात माझ्यापुढे असाच कागद आला. चौदा वर्षांची नोकरी. चतुर्थी तोंडावर, घरात आजारपण, आणि साहेब म्हणाला, सहा महिन्यांचा पगार हातात देतो. मी सही केली. शॉपमध्ये सगळ्यांत जुना मी, माझं बघून बावीस जणांनी केली. चौदा वर्षांची नुसती ग्रॅच्युइटीच आठ महिन्यांची होते, हे मला कळलं तेव्हा औषधांतून उरलेले पैसे खाणीवर चालवायच्या जुन्या टिपर ट्रकात गेले होते. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि टिपर अंगणात उभा राहिला. त्या बावीस जणांतले काही डिचोलीच्या बाजारात अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी भित्रा नव्हतो, बाय. मालकाशी संगनमत तर मुळीच नव्हतं. औषधांचे पैसे हवे होते आणि सांगणारं कोणी नव्हतं. तुला सांगणारं आहे.

म्हणून पुन्हा सांगतो, सही करू नकोस.

ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, वर्गणी सहा वर्षं तुझ्या पगारातून कापली जातेय. २००५ पासून त्यांची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर दोन वर्षांपर्यंत बेकारी भत्ता मिळतो, पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मा. भत्ता चालू असेपर्यंत तुझ्यावर आणि घरच्यांवर ईएसआयचे उपचार चालू राहतात, दुसरं काम शिकायचं तर फीही तेच भरतात. तुझ्या आईला दर महिन्याला मडगावच्या ईएसआय इस्पितळात न्यावं लागतं ना? राजीनामा देणाऱ्याला यातलं काही नाही. 'स्वेच्छेने' या एका शब्दाची किंमत ही आहे. नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आली. तिच्यात कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात नवं कौशल्य शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांचा पगार पंचेचाळीस दिवसांत यायला हवा. तोही कपात झालेल्यालाच.

तू म्हणालीस, अमेरिकेत काम परदेशी गेलं तर सरकार सांभाळतं, आपल्याकडे कोण विचारतो? १९६२ पासून तिथे तशी योजना होती हे खरं. प्रशिक्षण, भत्ता, आणि पन्नाशी उलटलेल्याला कमी पगाराची नोकरी धरावी लागली तर फरकाचा काही भाग. पण घरबसल्या कोणाला मिळत नव्हतं. कामगारांनी अर्ज करायचा, तिघांच्या सह्या पुरायच्या. आणि १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज घेणंच थांबलं. तेव्हा तिकडचा हेवा करत बसू नकोस. त्यातलं तिघांच्या सह्यांचं तेवढं घे. तुम्ही तर बारा जणी आहात.

"भांडण नको, पुढे दुसऱ्या कंपनीत चौकशी झाली तर?" असंही म्हणालीस. याचा मला राग आला, लपवत नाही. एचआरला एवढंच लिहून दे: मी राजीनामा देत नाही, काम नसेल तर कपातीचं पत्र आणि हिशोब लेखी द्यावा. त्याची पोच घे. यात भांडण कुठे आलं? आणि त्या अकरा जणींना समजवायचंच असेल तर हे समजाव. त्यांच्यात कंत्राटावरची कोणी असेल तर तिचे कागद वेगळे ठेव, तिचा हिशोब निराळा पडतो.

गुरुवारी सुट्टी टाक. सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, ईएसआयचं कार्ड आणि त्या राजीनाम्याचा मोबाइलवर काढलेला फोटो घे. मी डिचोलीहून सकाळची कदंबा बस धरतो, नऊला पणजी स्टँडवर असेन. तिथून पाटोवरचं श्रमशक्ती भवन, म्हणजे कामगार आयुक्तांचं ऑफिस, चालत जाण्यासारखं आहे. आणखी दोघी येत असतील तर आण. शनिवारच्या आत आपला तक्रारअर्ज तिथे आत गेला पाहिजे.

तुझा,
काका