वाचकांचे प्रश्न : लसूण, ग्लुटाथायॉन आणि पेशीचा मृत्यू

प्रश्न : लसणात अँटिऑक्सिडंट असतात, म्हणून तो पेशींचं रक्षण करतो असं वाचलं. त्याच लसणाने कर्करोगाच्या पेशी मरतात असंही वाचलं. दोन्ही खरं कसं? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही खरं आहे, दिशाभूल करतं ते पहिलं वाक्य. ठेचलेल्या लसणातलं मुख्य द्रव्य, ॲलिसिन, स्वतः ऑक्सिडीकारक, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या उलट, आहे. अख्ख्या पाकळीत ते नसतंच. तिथे ॲलिन असतं, आणि त्याचं ॲलिसिन करणारं ॲलिनेज हे विकर (एन्झाइम) वेगळ्या कप्प्यात, पेशीतल्या रिक्तिका नावाच्या पिशवीत, बंद असतं. पाकळी चिरडली की दोघांची गाठ पडते. १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी अमेरिकेत ॲलिसिन प्रथम वेगळं केलं.

ॲलिसिन थायॉल, म्हणजे गंधक-हायड्रोजनच्या, गटांना चटकन चिकटतं. पेशीतला थायॉलचा मोठा साठा म्हणजे ग्लुटाथायॉन, पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट. ॲलिसिनचा एक रेणू ग्लुटाथायॉनचे दोन रेणू खर्ची घालतो. मात्रा थोडी असेल तर पेशीला हा खर्च सोसतो, शिवाय इशाराही मिळतो. कीप१ हे प्रथिन एरवी एनआरएफ२ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि त्याचा सतत नाश घडवतं. कीप१मधल्या सिस्टीन या थायॉल असलेल्या अमिनो आम्लावर गंधकाचे रेणू बसले की ही पकड सुटते, एनआरएफ२ केंद्रकात शिरतं आणि ग्लुटाथायॉन बनवणाऱ्या विकरांची जनुकं चालू करतं. काही तासांत साठा आधीपेक्षा वाढतो. लसणाने डिवचल्यावर पेशी स्वतःच तयारी वाढवते, हेच ते ‘रक्षण’.

मात्रा जास्त झाली तर साठा भरून निघण्याआधीच आटतो. तंतुकणिकांतून (पेशीच्या ऊर्जाघरांतून) सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं, कॅस्पेज-९ आणि मग कॅस्पेज-३ ही प्रथिनं तोडणारी विकरं जागी होतात, पेशी आकसून आतल्या आत मोडते. हा ॲपॉप्टोसिस, पेशीचा आखीव मृत्यू. त्याला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जाद्रव्य, लागतं; तेच संपलं तर पेशी सरळ फुटते.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात पेशींना लसणाचा अर्क देऊन एमटीटी चाचणी (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून पाहणारी) करते आहे. दर वेळी आकडे वेगळे येतात आणि कंट्रोलमधल्या (अर्क न दिलेल्या) पेशीही मरतात. काय चुकतंय? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी कंट्रोलचं पाहू. ॲलिसिन उडून जाणारं आहे. त्याची वाफ एकाच प्लेटमधल्या शेजारच्या वेलमध्ये (खळग्यात) उतरते. कंट्रोल वेगळ्या प्लेटमध्ये ठेवा.

आकडे हलतात कारण ‘अमुक टक्के अर्क’ हे माप नव्हे. गड्ड्यागणिक ॲलिसिन बदलतं. सोललेल्या १० ग्रॅम पाकळ्या १० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात वाटा, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं राहू द्या, फडक्यातून गाळा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून बर्फावर ठेवा. त्याच दिवशी वापरा. दर वेळी थोड्या अर्कात मोजून, पण जास्तीचं सिस्टीन मिसळा. उरलेलं सिस्टीन डीटीएनबी (थायॉलबरोबर पिवळा रंग देणारं रसायन) घालून ४१२ नॅनोमीटरवर मोजा. जितके मोल सिस्टीन कमी झालं, त्याच्या निम्मं ॲलिसिन धरा (लसणातली त्याच्यासारखी इतर गंधकद्रव्यंही यात मोजली जातात) आणि मात्रा मायक्रोमोलमध्ये लिहा. जोडीला दुसरा कंट्रोल हवाच : न चिरलेल्या पाकळ्या १० मिनिटं उकळून मग वाटलेला अर्क. त्यात ॲलिन असतं, ॲलिसिन जवळपास नसतं.

एमटीटी मोजते ती पेशीची क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करण्याची ताकद. लसूण नेमकी तिलाच धक्का लावतो, म्हणून नुसत्या एमटीटीवर ‘मृत्यू’ म्हणू नका. ॲनेक्सिन-व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड या मरणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या खुणांनी खात्री करा. एन-ॲसिटिलसिस्टीन घातल्यावर पेशी वाचल्या की ‘मृत्यू ऑक्सिडेटिव्ह ताणामुळेच’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो घाईचा आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन स्वतः थायॉल आहे. ॲलिसिन पेशीपर्यंत पोहोचण्याआधी माध्यमातच ते त्याला पकडतं. ॲलिसिनऐवजी डायॲलिल डायसल्फाइड हे लसणाचं दुसरं गंधकद्रव्य वापरणार असाल तर बाटलीवरची शुद्धता वाचा. ८० टक्के शुद्धतेच्या मालात डायॲलिल ट्रायसल्फाइडही असू शकतं, आणि पेशी मारण्यात ते कितीतरी तिखट आहे.

प्रश्न : रोज उपाशीपोटी अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळतो. उपयोग होतो का? फोडणीतला लसूण वाया जातो का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : न चावता गिळलेल्या पाकळीतून ॲलिसिन फारसं मिळत नाही, कारण जठरातल्या आम्लात ॲलिनेज बंद पडतं. ठेचा किंवा चावा. फोडणीसाठी लसूण ठेचून १० मिनिटं तसाच ठेवा, मग तेलात टाका. उष्णतेने विकर मरतं, पण तोवर त्याचं काम बरंच झालेलं असतं.

मात्र प्रयोगशाळेतला पेशीमृत्यू ताटातून अपेक्षू नका. २५ ग्रॅम कच्चा लसूण खाल्ल्यावरही रक्तात ॲलिसिन सापडत नाही; त्याचं ॲलिल मिथाइल सल्फाइड होऊन ते श्वासावाटे जातं, म्हणून दात घासूनही वास राहतो. लसणावर भरवसा ठेवून कर्करोगाचे उपचार थांबवणं जिवावर बेतेल. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर लसणाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा. कच्चा वाटलेला लसूण कातडीवर बांधून ठेवू नका, भाजल्यासारखे फोड येतात.

कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा. तेलाखाली हवा नसते, आम्लही पुरेसं नसतं, आणि मातीतून आलेले बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू तिथे वाढतात. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरला अशाच तेलातल्या लसणामुळे माणसं आजारी पडली होती. वास आणि चव बदलेलच असं नाही. लागेल तेवढंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.