हात थरथरतो म्हणून गोळी बंद करायची का?

मेलबर्नहून एका वहिनींचं पत्र आलंय. नवऱ्याला बायपोलरसाठी, म्हणजे मन कधी फार उत्तेजित तर कधी फार उदास होण्याच्या आजारासाठी, लिथियम सुरू होऊन दोन वर्षं झाली. आता साताऱ्याहून सासूबाई आल्या आहेत. चहाचा कप धरताना मुलाचा हात थरथरतो, सारखी तहान लागते, रात्री तीनदा उठावं लागतं, वजनही वाढलंय. 'आता बरा आहे ना, मग गोळ्या कशाला?' असं त्या रोज विचारतात.

वहिनी, सासूबाईंना दिसतंय ते खरंच आहे, त्यावर वाद घालू नका. पण दोन वर्षांपूर्वी तो चार-चार रात्री झोपत नव्हता, तेव्हा तुम्ही फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणत होतात. ते त्यांना आता सांगा. मात्र नवऱ्याला विचारून, तो समोर असताना. लिथियम एकदम थांबवलं तर आजार उलटण्याचा धोका फार असतो, हेही सांगा. याच औषधाचा मॅनियावरचा, म्हणजे त्या उत्तेजित अवस्थेवरचा, उपयोग जॉन केड यांनी 1949 मध्ये तुमच्याच मेलबर्नमधून जगापुढे मांडला.

थरथर आणि तहान मुकाट्याने सोसायची नाही. डॉक्टर डोस किंवा वेळ बदलून पाहतात, कधी कंपासाठी वेगळी गोळी देतात. तहानेला साधं पाणीच द्या. सरबतं आणि ज्यूसनेही वजन वाढतं. रक्तातली पातळी रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी तपासतात. पुष्कळांसाठी ती लिटरमागे 0.6 ते 0.8 मिलिमोल ठेवतात. थायरॉइड आणि किडनीची तपासणीही ठरलेल्या वेळी हवीच.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या घरच्या सवयींची. लिथियम हा क्षार आहे. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली पातळी चढते. म्हणून निर्जळी उपास नको, आणि सासूबाईंच्या बीपीसाठी घरातलं मीठ कमी केलंत तर त्याच्या डॉक्टरांना आधी विचारा. सासूबाईंच्या औषधांच्या पिशवीत गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक असेल, तर पाठ दुखली म्हणून ती त्याला देऊ नका. आयब्युप्रोफेनही नको. दोन्हींमुळे पातळी वाढू शकते. पॅरासिटामॉल चालतं का, ते फार्मसीत विचारून घ्या.

मे महिन्यात गावी जाणार आहात, तेव्हा उन्हाचं आणि जुलाबाचं भान ठेवा. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. तिथे दुसऱ्या कंपनीची गोळी परस्पर सुरू करू नका.

हात नेहमीपेक्षा जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, जीभ अडखळली, चालताना तोल गेला किंवा तो गोंधळल्यासारखा वाटला, तर सकाळची वाट पाहू नका. पुढची गोळी न देता थेट इमर्जन्सीत न्या आणि दारातच सांगा, 'हे लिथियमवर आहेत.' हे वाक्य सासूबाईंनाही पाठ करून ठेवायला सांगा. तुम्ही ऑफिसात असाल तेव्हा घरी त्याच असतील.